हिवाळ्यात दारातलं लग्न: भाड्याचा मांडव, आचारी, जनरेटर आणि ग्रामपंचायतीची विवाह नोंदणी कितपत पुरी पडते?

तुळशीचं लग्न लागलं की घाटावरच्या गावांत लग्नसराई उघडते आणि मंडपवाल्यांचे फोन लागेनासे होतात. धनुर्मास आणि पौष बरेच जण टाळतात. त्यामुळे हिवाळ्यातल्या तारखांची गर्दी दोनदा होते: एकदा डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा पौष सरल्यावर. मंगल कार्यालय न घेता दारात मांडव घालायचा तर दोन सेवांशी गाठ पडते. एक म्हणजे मंडप, भांडी, लाइट, आचारी असं सगळं एकत्र देणारं पॅकेज. दुसरी पैसे मोजून लवकर होत नाही, पण व्हिसापासून आधारवरच्या नावापर्यंत पुढची कामं तिच्यावाचून अडतात. ती म्हणजे ग्रामपंचायतीतली विवाह नोंदणी. दोन्ही एकाच पंधरवड्यात अंगावर येतात, म्हणून दोन्हींबद्दल इथे एकत्रच.

पॅकेजबद्दलचं मत आधीच सांगतो: जसंच्या तसं घेऊ नका. हे पॅकेज एप्रिल-मेच्या लग्नासाठी बेतलेलं असतं. त्यात सावली आहे, खेळती हवा आहे, पंखे-कूलर आहेत, थंड पाण्याचे जार आहेत. हिवाळ्यात यातलं निम्मं पडून राहतं. ताडपत्री, जाड कनात, रजया, गरम पाणी, जादा सिलिंडर या खरोखर लागणाऱ्या वस्तू मात्र यादीत नसतात आणि आदल्या दिवशी मागितल्या तर मिळत नाहीत. इसार देतानाच यादीतून कूलर आणि बर्फ खोडा आणि त्या पैशात ताडपत्री आणि रजया लिहून घ्या. चांगला मंडपवाला याला लगेच तयार होतो, कारण थंडीत त्याचे कूलर गोदामातच असतात.

मांडवाचा खरा शत्रू थंडी नाही, दव आहे. निरभ्र रात्री छताचं कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त गार पडतं आणि दव आधी त्याच्यावर धरतं. मांडव आदल्या सकाळी उभा केला तर कापड एक अख्खी रात्र भिजतं. पहाटेपासून थेंब टपकू लागतात, झालरीचा लाल-केशरी रंग पांढऱ्या सिलिंगवर उतरतो आणि ओलं कापड मधोमध झोळीसारखं लोंबतं. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ते वाळत नाही, आणि हळदीची वेळ नेमकी तीच असते. उपाय एकच: कापडाच्या वर ताडपत्री, आणि दोन्हींमध्ये किमान फूटभर मोकळी जागा. ताडपत्री कापडाला टेकली तर तिच्या आतल्या बाजूला साचलेलं पाणी थेट कापडातच उतरतं. पत्र्याचा मांडव जास्त सुरक्षित वाटतो खरा, पण रात्री मांडवात माणसं झोपली असतील तर श्वासाची वाफ पत्र्याला आतून धरते आणि सकाळी पत्र्याच्या प्रत्येक नागमोडीतून थेंब गळतात. पत्रा घेतलाच तर त्याखाली सिलिंग हवंच. जाजम आणि मॅटिंग रात्री गुंडाळून उंचावर ठेवायला सांगा. एकदा ओल धरली की दिवसभर बसणाऱ्यांचे कपडे गार राहतात.

अवकाळी पाऊस हा अपवाद समजू नका. नोव्हेंबर २०२३च्या शेवटी नाशिक जिल्ह्यात ऐन लग्नसराईच्या तोंडावर गारपीट झाली होती. सपाट छताचा धोका साध्या हिशेबात कळतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १५ बाय १५ फुटांचा मांडवाचा एक चौकोन साधारण २१ चौरस मीटरचा असतो. वीस मिलिमीटरची एक सर झाली आणि पाणी वाहून गेलं नाही, तर त्या एका चौकोनावर सव्वाचारशे किलोच्या आसपास वजन बसतं. पाइपाचा सांधा तिथेच मोडतो. म्हणून मध्यावर उंची घेऊन दोन्हीकडे उतार मागा, दर पाच फुटांना एक फूट तरी. कडेच्या दोऱ्या विटांना किंवा ट्रॅक्टरच्या चाकाला बांधलेल्या दिसल्या तर तिथेच थांबवा. अडीच फुटी लोखंडी खुंट्या तिरक्या ठोकलेल्या हव्यात. रब्बीचं पाणी नुकतंच दिलेल्या वावरात खुंटी धरत नाही, तिथे खुंट्या दुप्पट लागतात. मुहूर्तमेढीची जागा मंडपवाल्याला आधी दाखवून ठेवा. नाहीतर मेढ पुरल्यावर त्याचा खांब नेमका तिथेच येतो आणि ऐनवेळी सगळा आराखडा सरकतो.

दिशा हा विषय कोणतंही पॅकेज विचारात घेत नाही आणि त्यावर एक रुपयाही खर्च होत नाही. डिसेंबरच्या शेवटी महाराष्ट्रात भरदुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंशांवरच असतो. त्यामुळे बारा फूट उंच मांडवाची दक्षिण बाजू मोकळी ठेवली तर ऊन अकरा फूट आत येतं. त्या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या मांडा. उत्तर आणि पूर्व बाजूला मात्र जमिनीपर्यंत कनात हवी, कारण हिवाळ्याचं वारं तिकडूनच येतं. सजावटवाले सगळीकडे कमरेएवढीच झालर लावतात. फोटोत ती छान दिसते, पण पंगतीला बसलेल्याच्या पाठीला वारं लागतच राहतं.

आकाराचं गणित एकदा कागदावर मांडलेलं बरं. पंगतीत एका माणसाला दोन फूट रुंदी लागते. बसायला अडीच फूट आणि ताटाला दीड, म्हणजे खोली चार फूट. समोरासमोरच्या दोन ओळींमध्ये वाढप्याला तीन फुटांची वाट हवी. अशी एक जोडी अकरा फुटांची होते. तीस बाय साठच्या मांडवात दोन जोड्या, म्हणजे चार ओळी बसतात आणि पाठीमागे ये-जा करायला जागाही उरते. टोकांच्या वाटा सोडल्या तर एका पंगतीला ११० माणसं नीट जेवतात. सहाशे पानं असतील तर सहा पंगती, आणि उष्टं काढून पुन्हा मांडण्यासकट एका पंगतीला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. एकूण तीन तास. हेच गणित मुहूर्ताला लावा. दुपारी साडेबाराला अक्षता पडल्या तर शेवटची पंगत चारच्या सुमाराला उठते आणि ऊन अजून असतं. गोरज मुहूर्ताला सहाच्या आसपास दिवस मावळतो, फोटो आणि आहेर आटोपेपर्यंत साडेसात होतात आणि निम्मी मंडळी दवात जेवतात. नाशिक-निफाडच्या पट्ट्यात, जिथे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तिथे रात्रीची शेवटची पंगत बसतच नाही. माणसं न जेवता निघून जातात आणि अन्न उरतं. दारातल्या लग्नाला हिवाळ्यात दुपारचाच मुहूर्त काढून घ्या. या एका निर्णयाने लाइट, जनरेटर, रजया आणि अन्नाची नासाडी, चारही खर्च उतरतात.

आचाऱ्याची सेवा दोन तऱ्हांनी मिळते: ताटावर किंवा मजुरीवर. ताटाच्या दरात किराणा त्याचा, मजुरीत किराणा आपला. घरच्या कार्याला मजुरी बरी, कारण हिवाळ्यात वांगी, मेथी, मटार, गाजर, कोथिंबीर गावात ताजी आणि स्वस्त असते आणि त्याचा फायदा आपल्याला मिळतो. पण मग यादी तपासायची जबाबदारीही आपली. शंभर पानांचा साधा अंदाज असा: भाताला तांदूळ ९ ते १० किलो, वरणाला तूरडाळ ४ किलो, पुरीला कणीक १० किलो, वांगं-बटाट्याची भाजी १२ किलो, बुंदीला बेसन ३ किलो आणि साखर ५ किलो. त्यातून नऊ-दहा किलो बुंदी होते. मसालेभात आणि साधा भात दोन्ही असतील तर तांदूळ दोन्हींना मिळून ११ किलो पुरतो, दोन्हींचा पूर्ण हिशेब लावायचा नाही. आचाऱ्याची यादी याच्या दीडपट आली तर कारण विचारा. कधी ते खरंच असतं: गाव जेवणार, शिवाय घरोघरी ताटं जाणार. कधी नसतं.

थंडीत स्वयंपाक कुठे फसतो हे अनुभवी आचाऱ्याला ठाऊक असतं, नवख्याला नसतं. तेवढ्यावरूनच त्याची पारख होते. जिलबीचं पीठ उन्हाळ्यात रात्रभरात आंबतं, डिसेंबरात त्याला पूर्ण दिवस लागू शकतो. आचारी आदल्या संध्याकाळी पीठ भिजवतो म्हणाला तर जिलबी चपटी आणि जड होणार. बुंदीचा पाक थंडीत लवकर साखर धरतो. एकतारी पाकात टाकलेली बुंदी तासाभरात पांढरी, दाणेदार पडते, म्हणून पाक अर्ध्या तारेवर उतरवून पातेलं निखाऱ्यावर कोमट ठेवावं लागतं. मठ्ठ्याचं दही हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. गार ओट्यावर ठेवलेलं दूध सकाळपर्यंत पातळच राहतं. दूध बोट सहन करेल इतकं गरम असताना विरजण लावा, पातेलं गोणपाटात गुंडाळून चुलाणाच्या उबेला ठेवा आणि विरजण नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या. वनस्पती तुपाचं काही करू नका. ते गार ताटात थिजतं आणि टाळूला चिकटतं. बालुशाही किंवा डालड्यातले लाडू फेब्रुवारीच्या पहाटे खाल्ले की फरक कळतो. भात आणि वरण वाढायला आणताना बादली आधी गरम पाण्याने विसळून घ्यावी. एवढ्याशा गोष्टीने तिसऱ्या ओळीपर्यंत वरणाला वाफ राहते. पुऱ्या पंगतीच्या आधी तळून ढीग लावला की त्या चामट होतात. दोन कढया सतत चालू ठेवणारा आचारी थोडा महाग पडला तरी तोच घ्या.

गॅसबद्दल दोन गोष्टी. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर कार्याच्या भट्टीला लावणं नियमात बसत नाही. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, तोच मागा आणि पावती घ्या. दुसरी गोष्ट थंडीची. मोठी भट्टी जोरात चालते तेव्हा आतल्या द्रवाची वाफ होताना सिलिंडर स्वतःच गार पडतो आणि बाहेरही गारठा असला की वाफ पुरेशा वेगाने तयार होत नाही. सिलिंडरच्या खालच्या अंगावर पांढरं दव गोठलेलं दिसतं, ज्योत बसते, आणि सिलिंडर संपला समजून तो बदलला जातो. प्रत्यक्षात आत कितीतरी गॅस शिल्लक असतो. एका भट्टीला दोन सिलिंडर जोडून चालवले की दोघांवरचा ताण वाटला जातो आणि हा प्रकार बहुतेक थांबतो. तरीही ज्योत बसली तर सिलिंडर उभाच ठेवून कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवा. त्याला निखाऱ्याजवळ नेणं, उकळतं पाणी ओतणं, आडवा करणं यातलं काहीही करू देऊ नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट नळीत जातो आणि भट्टीवर भडका उडतो. लाकडाच्या चुलाणावर शिजवणार असाल तर सरपण दोन विटांवर रचून त्यावर ताडपत्री घाला. एका रात्रीच्या दवाने वरचा थर ओला होतो आणि सकाळी धुरात तास जातो.

पाणी दरडोई दहा लिटर धरा. त्यात पिणं, हात धुणं, भांडी सगळं आलं. पाचशे माणसांना पाच हजार लिटरचा एक टँकर. गावची विहीर किंवा बोअर असेल तर शेतीच्या फीडरला वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री आहे हे आधी बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवावी लागते.

विजेच्या बाबतीत सजावटवाल्याचा शब्द पुरेसा नाही. तारेवर आकडा टाकून लाइट घेणं म्हणजे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी, आणि दव पडलेल्या रात्री ते जिवावरचंही आहे. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करता येतो, पण तो लग्नाच्या आठवड्यात करून भागत नाही. सगळ्या लाइट-लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं बटण, हवं. मंडपवाल्याकडे नसेल तर वायरमनकडून स्वतः बसवून घ्या, त्याला पर्याय नाही. दवात सगळ्यात धोकादायक असतो टेप गुंडाळलेला सांधा. तो जमिनीवर किंवा पाइपाला बांधलेला नसावा. वर टांगलेला असावा आणि वायर सांध्यापाशी पोचण्याआधी खाली झोका घेऊन वर जावी, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं आणि सांध्यात शिरत नाही. लोखंडी पाइपाचा मांडव आणि ओली जमीन एकत्र आली की एक सैल सांधा पुरतो. मांडव उभा राहिल्यावर टेस्टर घेऊन खांबांना हात लावण्याआधी तपासा.

जनरेटर बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठा विकला जातो. एलईडी हॅलोजन ५० वॅटचे वीस लावले तरी एक किलोवॅट, साउंडला दोन-तीन, एक अश्वशक्तीची मोटर पाऊण किलोवॅट, पण सुरू होताना ती कितीतरी पट ओढते. दुपारच्या लग्नाला १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर पुरून उरतो, फक्त मोटर आणि गीझर एकाच वेळी लावू नका. दर विचारताना डिझेल कोणाचं हे लिहून घ्या. वाद नेहमी तिथेच होतो.

मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी गाद्या-रजया पॅकेजवाल्याकडून घ्यायच्या असतील तर माणसांच्या सव्वापट सांगा आणि लग्नाच्या दोन दिवस आधी उतरवून घ्या. गोदामातल्या रजईला कुबट ओल असते. दोन दुपारचं ऊन दिलं की ती जाते, रात्री अकराला टेम्पोतून उतरवलेली रजई मात्र पांघरवत नाही. अंघोळीच्या गरम पाण्याला गॅस गीझर भाड्याने मिळतो, सोयीचाही असतो, पण खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो अजिबात बसवू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आत गेलेल्या माणसाला गुंगी येते हे बाहेर कळतच नाही. हळदीच्या दिवशी एकामागून एक पंधरा माणसं अंघोळ करतात तेव्हा धोका वाढत जातो. गीझर बाहेर पडवीत, बादलीने पाणी आत. किंवा सरळ अंगणात चुलाणावर मोठं पिंप ठेवा, त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पाहुण्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपणं याच कारणाने टाळा.

वाजंत्री थंडीत वेळ खाते. हलगीचं कातडं दवात सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून वादक ती दर थोड्या वेळाने जाळावर धरून तापवतात. त्यांच्यासाठी मांडवाच्या बाहेर, कापडापासून लांब, छोटी शेकोटी करून द्या. नाहीतर ते गवत-कागद पेटवून मांडवाच्या खांबाशीच तापवायला बसतात. ध्वनिक्षेपकाला पोलिस ठाण्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. हळदीच्या रात्रीचा कार्यक्रम सातला सुरू केला तर हे सहज जमतं.

आता कागदाकडे. ग्रामपंचायतीतली विवाह नोंदणी महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली होते आणि गावात तिचा निबंधक ग्रामसेवक असतो. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात. सेवा म्हणून ही खरोखर स्वस्त आणि साधी आहे: नमुना ‘ड’ भरायचा, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, वधूवरांचे फोटो, दोघांचे वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. मुदत लग्नापासून ९० दिवस. नंतरही नोंद होते, पण विलंब शुल्क भरावं लागतं आणि प्रश्न जास्त विचारले जातात. नोंद वराच्या गावी करायची की वधूच्या, हे लग्नाआधीच दोन्ही ग्रामपंचायतींत विचारून पक्कं करा. कागद सगळे झाले आणि हद्द चुकली असं होतं.

उशीर कायद्यामुळे होत नाही, नावांमुळे होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पत्रिकेवर तिसरं. पत्रिका हा नोंदणीचा पुरावा आहे ही गोष्ट छापखान्यात कोणाच्याच डोक्यात नसते. ‘चि. सौ. कां.’ नंतर मुलीचं घरातलं लाडकं नाव मोठ्या अक्षरात छापतात आणि दाखल्यावरचं नाव कुठेच नसतं. वराच्या नावात वडिलांच्या नावाऐवजी ‘अण्णासाहेब’ किंवा ‘आप्पा’ येतं. तारीख असते, पण स्थळाच्या जागी फक्त ‘आमचे राहते घरी’ एवढंच, गाव-तालुका नाही. ग्रामसेवकाने अशी पत्रिका परत केली तर त्याची चूक नाही. प्रूफ हातात आलं की शाळेचा दाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. लाडकं नाव कंसात घ्यायला हरकत नाही.

आधारवर चूक असेल तर लग्न ठरल्याच्या दिवशीच दुरुस्ती टाका. नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून आत्ता स्पेलिंग सुधारताना लग्नानंतर नाव बदलणार का, याचा विचार करूनच एक संधी वापरा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखलाच लागतो. जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढायची असेल तर दिवाळीची सुट्टी आड येते, हे ध्यानात ठेवा. वर २१ आणि वधू १८ पूर्ण असल्याचा कागद मंडपवाला आणि भटजीही मागतात, आणि त्यांनी तो मागायलाच हवा. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार असा विवाह लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कागद न मागणाऱ्या व्यावसायिकाला आम्ही एक गुण कमीच देऊ.

दोघांपैकी कोणाचं दुसरं लग्न असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. न्यायालयातून नक्कल मिळायला वेळ जातो, तो अर्ज सगळ्यात आधी करा. आंतरधर्मीय विवाह असेल तर ही नोंदणी उपयोगाची नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहत असला पाहिजे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही तर सगळं पुन्हा. अशा वेळी मांडवाची तारीख नोटिशीवरून ठरवा.

ग्रामसेवक भेटणं हा या सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा. एका माणसाकडे दोन-तीन गावं असतात, पंचायत समितीच्या बैठका असतात, २६ जानेवारीच्या ग्रामसभेमुळे त्याच्या आधीचा आठवडा जातो आणि मार्चअखेर करवसुली. म्हणून नमुना ‘ड’ लग्नाआधीच आणून पेनाने भरून ठेवा. साक्षीदार गावातच राहणारे निवडा. सुरतेचा मामेभाऊ आणि पुण्याचा मित्र सही करून गेले तरी निबंधकासमोर हजर राहायला पुन्हा येत नाहीत. भटजींची सही अक्षता पडल्याबरोबर मांडवातच घ्या, ते तासाभरात पुढच्या मुहूर्ताला निघालेले असतात. फोटोग्राफरकडून अंतरपाट दूर झाल्यानंतरचा, दोघांचे चेहरे दिसणारा एक फोटो दुसऱ्याच दिवशी छापून मागा. अल्बमची वाट पाहत ९० दिवसांतले साठ सहज जातात. आणि वधूवर गाव सोडून कामाच्या शहरात परतण्याआधी दोघांना घेऊन ग्रामपंचायतीत जा. एकजण परतल्यावर दुसऱ्या वेळी तिघे साक्षीदार आणि दोघे नवराबायको एकत्र जुळवणं हेच सगळ्यात अवघड काम होऊन बसतं.

दाखला मिळाला की काउंटरवरून हलण्याआधी वाचा. लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अदलाबदल झालेली नाही ना, वधूचं माहेरचं पूर्ण नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे ना, इंग्रजीतलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं ना, शिक्का सहीवर आला आहे ना. चूक दिसली तर रजिस्टर समोर उघडं असतानाच दाखवा आणि त्याच वेळी आणखी एका प्रमाणित प्रतीचा अर्ज देऊन टाका. एक प्रत आधार केंद्रावर आणि दुसरी बँकेत दाखवायला लागते.